आधी तारीख, मग सायकल

जून २०१५ मध्ये नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइड गावातून सायकलवर निघाले आणि ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांनी पूर्व किनाऱ्यावर ॲनापोलिसला पोचले. डॉ. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, धाकटे डॉ. महेंद्र महाजन दंतवैद्य. शर्यतीचं नाव ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’. सायकलवाले तिला नुसतं ‘रॅम’ म्हणतात. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. संघांना मुदत नऊ दिवसांची, म्हणजे दोघा भावांच्या हाताशी जेमतेम नऊ तास उरले होते. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ.

अंतराला वेळेने भागलं तर वेग येतो तासाला २३ किलोमीटरच्या थोडा वर. ऐकायला हा आकडा फार वाटत नाही. गंगापूर रोडवर पहाटे भेटणारा कुणीही बऱ्यापैकी तयारीचा सायकलस्वार तो वेग तासभर आरामात धरतो. पण इथे तो दोनशेहून जास्त तास धरायचा होता. वाळवंटातल्या उन्हात, रॉकी पर्वतातल्या वुल्फ क्रीक खिंडीत, जिची उंची ३,३०० मीटर आहे, आणि कॅन्ससच्या सपाटीवर, जिथे आडवा वारा सायकलस्वाराला रस्त्याच्या कडेला ढकलत राहतो. दोघांच्या संघात एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसरा मागच्या गाडीत खातो, पाय मोकळे करतो, जमलं तर झोपतो, आणि पाळी आली की पुन्हा उतरतो. चोवीस तासांतले साधारण बारा तास प्रत्येकाच्या वाट्याला येतात, तेही सलग नाहीत. दवाखाना, रुग्ण आणि संसार सांभाळून अशा गोष्टीची तयारी करणं ही मला शर्यतीइतकीच मोठी कामगिरी वाटते.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकहूनच तयारी करणारे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ हीच शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. वेळ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटं. मुदत बारा दिवसांची. नागपूरचे डॉ. अमित समर्थ त्यांच्या पाठोपाठ काही तासांतच पोचले. गोकुलनाथांबद्दल एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. २०१६ मध्येही ते तिथे गेले होते आणि तेव्हा शर्यत त्यांना पूर्ण करता आली नव्हती. एका वर्षात माणसाचं हृदय किंवा फुफ्फुसं बदलून जात नाहीत. बदलते ती तयारीची मांडणी. कुठे वेळ गेला, शरीर कुठे अडलं, झोप कुठे कमी पडली हे पहिल्या खेपेने दाखवलेलं असतं आणि त्यावरून पुढच्या वर्षाचे महिने आखता येतात.

या लेखाचा विषय हीच आखणी आहे. रॅमची नव्हे, कारण ती हजारांत एखाद्याची वाट. पण नाशिकमध्ये आज असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना एखादं मोठं अंतर मनापासून गाठायचं आहे. कुणाला मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, कुणाला पंढरपूरची सायकलवारी, कुणाला पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर. मेहनतीची कुणाचीच ना नसते. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक जण मेहनत कमी पडते म्हणून अडत नाहीत, क्रम चुकतो म्हणून अडतात.

उदाहरणासाठी ‘सुपर रँडोनर’ हे ध्येय घेऊ. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या होतात, त्यांना ब्रेव्हे म्हणतात. आपल्याकडे ‘बीआरएम’ हाच शब्द रुळलाय. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. चारही अंतरं एकाच हंगामात पूर्ण केली की सुपर रँडोनर. ही शर्यत नाही; पहिला आलेला आणि मुदत संपायच्या पाच मिनिटं आधी आलेला, दोघांची नोंद सारखीच. वाटेत ठरलेल्या नाक्यांवर ठरलेल्या वेळेत पोचायचं, दिवे आणि चमकणारं जाकीट सोबत ठेवायचं, आपलं खाणंपिणं आणि पंक्चर आपणच पाहायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा, आठवड्याला आठ-नऊ तास काढू शकणारा चाळिशीतला माणूस हे करू शकतो. शहरात अशी माणसं आहेत.

आता कागद घ्या आणि सगळ्यात खाली ६०० ची तारीख लिहा. आयोजक तारखा आधी जाहीर करतात. समजा फेब्रुवारीचा मध्य आहे. तिथून वर चढत जायचं. ६०० च्या आधी तीन-चार आठवडे मोकळे हवेत, म्हणून ४०० जानेवारीत. त्याच हिशोबाने ३०० डिसेंबरात, २०० नोव्हेंबरात. पहिल्या २०० ला दमछाक होऊ नये यासाठी त्याआधी तीन महिने नुसती बैठक बसवायची, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. आणि त्या बैठकीला लागणारी गुडघ्या-कंबरेची ताकद, सायकलची उंची-मापं, दवाखान्यातली तपासणी ही सगळी कामं जून-जुलैत. बघा, फेब्रुवारीतल्या चाळीस तासांचं काम आषाढाच्या पावसात सुरू झालं. असं मागून लिहिलेलं वेळापत्रक पहिल्याच दिवशी खरं सांगतं की वेळ पुरेसा आहे की नाही. ऑक्टोबर उजाडला आणि सायकल अजून माळ्यावर असेल तर या हंगामात २०० आणि ३०० करावं, ६०० पुढच्या हंगामात. त्यात कमीपणा काही नाही.

त्याच कागदावर ६०० चा हिशोबही मांडावा, कारण कशाची तयारी करायची ते तोच ठरवतो. चाकं फिरताना तासाला २० ची सरासरी पडली तर सायकलवर ३० तास जातात, थांबायला १० उरतात. सरासरी २२ झाली तर थांबायला पावणेतेरा तास मिळतात. सरासरीत दोन किलोमीटर वाढवायला एखाद्याला अख्खा हंगाम लागतो. उलट, सात-आठ नाक्यांवर प्रत्येकी वीस मिनिटं वाचवली की अडीच तास सुटतात, आणि ते थेट झोपेत घालता येतात. चहाची टपरी दिसली की पाय आपोआप थांबतात, मग गप्पा, मग फोटो. म्हणून रविवारच्या सरावातही थांबण्याला घड्याळ लावावं: बाटल्या भरा, खा, निघा.

क्रम एवढा महत्त्वाचा का, हे शरीराच्या आत पाहिलं की कळतं. सराव सुरू केला की रक्तातलं पाणी आठवडा-दोन आठवड्यांत वाढतं, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि माणसाला वाटतं आपण तयार झालो. पण स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार व्हायला आणि पेशींमधली ऊर्जेची केंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढायला अनेक आठवडे जातात. अमेरिकन संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंमधली प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. सहनशक्तीच्या सरावाचं आजचं शास्त्र बरंचसं या प्रयोगावर उभं आहे. स्नायूबंध आणि हाडं तर त्याहूनही सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. धोका नेमका इथे आहे. दुसऱ्या महिन्यात दम वाढलेला असतो, हुरूप असतो, आणि गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध मात्र अजून जुनाच असतो. नवशिक्यांची गुडघेदुखी बहुधा याच काळात सुरू होते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू, म्हणजे मैदानाला फक्त दोन फेऱ्या. तरी हंगामाच्या आधी तो आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळायचा, डोंगररस्त्यांवरून, बऱ्याच अंशी सावकाश. आधी हा पाया, मग डोंगर, मग वेग, मग शर्यत, हा क्रम लिडियार्डनी कधी मोडला नाही. स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं आणि १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्हींचं. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीला एवढा पाया लागत असेल तर चाळीस तासांच्या फेरीला किती लागेल?

पायाचा हा सराव हळू करायचा असतो, आणि हेच लोकांना सगळ्यात जड जातं. हळू म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. महागडं घड्याळ असेल तर ठीक, नसेल तर ही कसोटी पुरते. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी नावाजलेल्या वल्हवणाऱ्यांच्या आणि बर्फावरच्या स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव असा सोपा निघाला आणि उरलेला खरोखर कठीण. बहुसंख्य हौशी माणसं मात्र दोन्हींच्या मधे अडकलेली असतात. रोज थोडं दमायचं, पुरतं कधीच नाही, आणि पुरती विश्रांतीही नाही. रविवारच्या घोळक्यात हे फार होतं. कुणीतरी मखमलाबादच्या पुढे वेग वाढवतो, मग प्रत्येकाला त्याच्या चाकाला चिकटून राहायचं असतं. पायाच्या महिन्यांत अशा वेळी मागे राहता येणं ही सरावातली खरी शिस्त आहे.

कविता राऊत यांचं उदाहरण नाशिकला सांगायची गरज नाही, पण ते नेहमी एका बाजूने सांगितलं जातं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं सावरपाडा हे त्यांचं गाव; म्हणून ‘सावरपाडा एक्सप्रेस’. लहानपणी डोंगरातून पाणी आणलं, अनवाणी शाळेत गेल्या, त्यातून धावपटू घडली, अशी ती कथा असते. तो पाया खराच होता, वर्षानुवर्षांचा होता. पण नुसत्या पाण्याच्या हंड्याने पदक मिळत असतं तर त्या पट्ट्यातली प्रत्येक मुलगी आशियाई विजेती झाली असती. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे वर्षानुवर्षं आखून घेतलेला सराव त्या पायावर उभा राहिला. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आलं. त्या स्पर्धेत मैदानी शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत रौप्य. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन एका सेकंदाहूनही कमी अंतराने पुढे होती. मॅरेथॉनकडे त्या वळल्या ते याच्याही नंतर, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या. लहान अंतरातून मोठ्या अंतराकडे जायला त्यांच्यासारख्या खेळाडूलाही वर्षं लागली. चांदवड तालुक्यातल्या धावपटू संजीवनी जाधव याही याच मैदानावर याच प्रशिक्षकांकडे घडल्या.

आता मैदानाकडे वळू. लांब पल्ल्याच्या तयारीसाठी नाशिकइतक्या सोयीच्या जागा महाराष्ट्रात कमी असतील, असं मला वाटतं. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. हिवाळ्यात पहाटे थंडी, दुपारी सुसह्य ऊन. पूर्वेला निफाड, लासलगाव, येवल्याकडे सपाट रस्ता. एका वेगात तीन-चार तास पाय फिरवत राहायला तो उत्तम. मात्र द्राक्षं आणि कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांचं भान ठेवावं. पश्चिमेला त्र्यंबकचा रस्ता, जायला-यायला साठेक किलोमीटर, अंजनेरीच्या पायथ्यावरून हलके चढ. पुढे हरसूल किंवा जव्हारकडे गेलं की घाट सुरू होतात. दक्षिणेला सिन्नरच्या वाटेवर मोहदरीचा घाट, उत्तरेला वणीच्या पुढे नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ. दम आणि मन दोन्ही तपासायचं असेल तर कसारा उतरून जायचं आणि परत चढून यायचं.

वाऱ्याचाही उपयोग करून घ्यावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वारा पश्चिमेचा असतो. इगतपुरीकडे जाताना तो छातीवर येतो, परतताना पाठीवर. ताजे असताना वाऱ्याशी झुंजायचं आणि दमल्यावर त्याने घरी आणून सोडायचं, ही सोय निसर्गाने केलेलीच आहे. पण कधीतरी मुद्दाम उलटं करावं. आधी येवल्याकडे जावं आणि शेवटचे चाळीस किलोमीटर वारा अंगावर घेत परतावं. ६०० च्या दुसऱ्या दिवशी दुपारी जे वाटणार आहे, त्याची चव तिथे मिळते. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस असा असतो की रस्ता आणि खड्डा वेगळे दिसत नाहीत. ते दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या, उठाबशा, पोटा-पाठीचे व्यायाम यांना द्यावेत. लांब फेरीत शेवटी पाय नाही, मान, मनगटं आणि कंबर बोलू लागतात, आणि ती पावसाळ्यातच घट्ट करता येतात. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर चालण्या-पळण्यालाही मी याच काळात जागा देईन. सायकल हाडांना दणका देत नाही, आणि हाडं मजबूत राहायला थोडा दणका लागतो.

आठवडा कसा असावा? नोकरदाराचा आठवडा नोकरीभोवतीच बांधावा लागतो. दोन दिवस सकाळी तासभर सोपी सायकल, एक दिवस ताकदीचा व्यायाम, एक दिवस चढावर कठीण काम, म्हणजे पाच-पाच मिनिटं जोर लावून चढायचं, तितकाच वेळ सावकाश, असं चार-पाच वेळा. रविवारी लांब फेरी. उरलेले दोन दिवस पूर्ण सुट्टी. रविवारचं अंतर ६० ने सुरू करून ८०, मग १००, आणि चौथ्या रविवारी मुद्दाम ६०-७० वर परत. हा चौथा हलका आठवडा लोक गाळतात, कारण तेव्हाच पाय उत्तम चालू लागलेले असतात. पण शरीर सरावात बळकट होत नाही. सरावाने ते मोडतं आणि नंतरच्या विश्रांतीत पूर्वीपेक्षा थोडं जास्त भरून निघतं. भरून निघायला वेळच दिला नाही तर मोडच साठत जाते. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर, झोप तुटक, घरात चिडचिड, अशी लक्षणं दोन-तीन दिवस दिसली की वहीत काहीही लिहिलेलं असो, त्या दिवशी सायकल काढू नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीच्या आठवड्यालाच हलका आठवडा मानावं. झोप कापून केलेला सराव हातचं घालवतो.

आठवडा बुडला तर? लग्नसराई, मुलाचा ताप, कंपनीत ऑडिट. सहा-सात महिन्यांत काही ना काही होणारच. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायचे नाहीत. एक आठवडा गेला तर जिथे होतो तिथूनच पुढे जायचं. दोन गेले तर एक पायरी खाली येऊन सुरुवात करायची. आठ-दहा दिवसांच्या खंडाने पाया ढासळत नाही. तो ढासळतो घाईने केलेल्या भरपाईने.

खाण्यावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण २०० पर्यंत जिद्दीवर निभावतं, पुढे निभावत नाही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण दोन हजार कॅलरी साठलेल्या असतात. मध्यम वेगाच्या सायकलीला तासाला चार-पाचशे लागतात. थोडी चरबी जळत असल्यामुळे तो साठा चार-पाच तास पुरतो, आणि संपतो तेव्हा एकदम संपतो: डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार, साधा चढ डोंगरासारखा. म्हणून भूक लागायच्या आधी, पहिल्या तासापासूनच खायचं. लांब फेरीत तासाला ५० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम. दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घातलेल्या अर्ध्या लिटर लिंबूपाण्यात तेवढेच. म्हणजे तासाला एक केळं आणि अर्धा लिटर सरबत एवढ्याने काम भागतं. मधूनमधून राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, नाक्यावर दहीभात किंवा पोहे. मिसळ नाशिककरांचा जीव की प्राण आहे, पण तिची तर्री चालू फेरीत पोटात आग लावते. ती फेरी संपल्यावर खावी. पोटालाही सराव लागतो. ज्याने रविवारी सायकलवर बसून कधी खाल्लं नाही, त्याचं पोट ४०० च्या रात्री अन्न स्वीकारत नाही.

पाण्याचंही तसंच. तहान लागेल तसं प्यावं, पण उन्हात तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ विरळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आणखी पितो. मीठ पोटात जात राहिलं पाहिजे. नाशिकच्या थंडीत तयारी करून एखाद्या तापलेल्या भागात शर्यतीला जायचं असेल, तर त्या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेही कागदावर मागून मोजून लिहावे लागतात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी जूनमध्येच ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताणचाचणी करून घ्यावी. बायकांनी, आणि शाकाहारी पुरुषांनीही, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावं. महिनोन्‌महिने सराव करूनही दम का वाढत नाही, याचं उत्तर कित्येकदा वेळापत्रकात नसतं, रक्तातल्या लोहात असतं.

रात्रीची सायकल दिवसाच्या सायकलीपेक्षा वेगळी, आणि तिचा सराव ३०० च्या आधी व्हायलाच हवा. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर दिव्यांनी काही क्षण काहीच दिसत नाही. तेव्हा नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची आणि वेग कमी करायचा, हे सांगून येत नाही, करून येतं. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतं. डोळे मिटू लागले की पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर थांबून वीस मिनिटं पडावं, फोनला गजर लावून. पडण्याआधी कॉफी प्यायली तर उठेपर्यंत तिचा अंमल सुरू होतो. जानेवारीत निफाडकडच्या शिवारात गारठा असा असतो की बोटांना ब्रेक जाणवत नाही. हातमोजे आणि छातीवर वर्तमानपत्राचा कागद, हा जुन्या सायकलवाल्यांचा उपाय आजही चालतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत करायचं काम म्हणजे कमी करणं. सरावाचं एकूण अंतर निम्म्यावर आणायचं, पण आठवड्यातले सायकलचे दिवस आणि अधूनमधूनचा थोडा जोर तसाच ठेवायचा. या विषयावरच्या अभ्यासांचा निष्कर्षही असाच आहे. दोन आठवड्यांत पाय विसरत नाहीत. थकवा मात्र उतरतो. नवे बूट, नवी सीट, नवा खुराक यांतलं काहीही आता सुरू करायचं नाही. टायर बदलायचे असतील तर आत्ताच बदलून शंभरेक किलोमीटर चालवून पाहावेत. घरच्यांशीही याच वेळी बसून बोलावं: किती वाजता कुठे असू, फोन किती वेळाने करू, कुठल्या परिस्थितीत फेरी सोडून देऊ. सोडण्याच्या अटी आधी ठरलेल्या असल्या की रात्री तीन वाजता दमलेल्या डोक्याला तो निर्णय घ्यावा लागत नाही.

आणि ६०० पूर्ण झाल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. चाळीस तासांत तीन तास झोपलेल्या माणसाची नजर आणि प्रतिक्रिया स्टिअरिंगवर बसण्यालायक नसतात, मग अंगात कितीही उत्साह असो. कुणाला तरी आधीच सांगून ठेवावं, गाडीत सायकल टाकायला दोर घेऊन ये म्हणून. दुसऱ्या दिवशी रजा टाकावी. पहिला आठवडा फक्त चालावं, दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास सोपी सायकल, आणि हाताच्या करंगळीला आलेला बधिरपणा तिसऱ्या आठवड्यातही टिकला तर हँडलची उंची तपासून घ्यावी, डॉक्टरांनाही दाखवावं.